विडी पेटवून आण

अक्का,

काल तुझी तेरवी झाली. जेवणावळी उठल्यावर ओट्यावर सतरंजी टाकून गावातली पुरुषमंडळी बसली आणि त्यांनी तुझे गुण गायला सुरुवात केली. मी आणि तुझी सून कमल आत उरलेले तांदूळ निवडत होतो. बाहेरून एक जण म्हणाला, "बाई म्हणजे देवमाणूस. कधी मोठ्यानं बोलणं नाही, कसलं येसन नाही. सुपारीचं खांड तोंडात टाकताना कोणी पाह्यलं नाही तिले." बाकीच्यांनी "खरं हाय, खरं हाय" म्हटलं. मग त्यातल्याच कोणीतरी विडी पेटवली आणि त्या विडीचा वास आत आला.

तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस. मला हसू आलं नाही. सुपारी कोणी पाहिली नाही म्हणे! आणि विडी? ती तरी कोणी पाहिली होती?

आता तू नाहीस, तेव्हा स्पष्टच लिहिते. तू जन्मभर विडी ओढलीस आणि विडीनेच गेलीस. धाकटी बहीण म्हणून हे मला ठाऊक होतं, आणि काल संध्याकाळपर्यंत मी समजत होते की सगळ्या दुसरबीडमध्ये हे फक्त मलाच ठाऊक आहे.

तुला लागली कशी, हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तुला कोणी वाईट संगत लावली नव्हती. तुला बापूंनी लावली, आपल्याच वडिलांनी, आपल्याच ओट्यावर बसून. आपल्या घरी काडी जपून वापरायची चीज होती. चूल दिवसभर धगधगत असताना विडीसाठी काडी ओढणं म्हणजे उधळेपणा. मग बापू बाहेरून हात आत करायचे. त्या हातात विडी असायची. "पोरी, पेटवून आण." मोठी म्हणून ते काम तुझं. विडी नुसती निखाऱ्यात खुपसली तर वरचं पान जळून जातं, आतला तंबाखू पेटत नाही. ओठात धरून दोन-चार झुरके घ्यावेच लागतात. आणि विडी ही अशी अवदसा की हातात धरून चालत गेलं तर माजघरातच विझते. मग आणखी एक झुरका. ओट्यावर नेऊन दिली की बापू म्हणायचे, "हां, आता कशी मस्त लागली." परकर नेसायच्या वयात तुझ्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. कारण ते ओढणं नव्हतंच. ते काम होतं. पाणी भरायचं, शेण काढायचं, विडी पेटवायची.

माझी पाळी आली तेव्हा मी एकदा झुरका घेतला आणि ठसका लागून लोळले. तू म्हणालीस, "हिले खोकला येते, राहू द्या. मीच आणते." त्यानंतर माझ्या वाटणीच्या विड्याही तूच पेटवल्यास. मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायचे, तेव्हा तू चुलीपाशी असायचीस. आज मी लोणारच्या शाळेत मास्तरीण म्हणून पोरांना आरोग्याचे धडे शिकवते आणि माझी छाती स्वच्छ आहे, ती तुझ्या त्या एका वाक्यामुळे. हे तुला सांगायचं राहून गेलं.

लग्न होऊन तू दुसरबीडला आलीस. दाजी तसे भले. तुझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. रस्त्यावरचं त्यांचं दुकान बरं चालायचं, घरी खायला-प्यायला होतं. फक्त ओटा तोच आणि हाकही तीच. "अवं, पेटवून आण." आता तर घरोघर काडेपेटी आलेली, तरी हाक काही बदलली नाही. घरच्या बाईने पेटवून आणलेल्या विडीची चवच न्यारी, असं दाजी चारचौघांत म्हणायचे आणि तू आत बसून लाजायचीस. मला त्या लाजण्याचा राग यायचा.

तुझ्या घरात धुरावरून माणसाचं वय कळत असे. तुझे सासरे चिलीम ओढायचे. दाजींची विडी. तुझा मुलगा सुरेश कॉलेजला बुलढाण्याला गेला आणि दोन बोटांत सिगारेट धरायला शिकून आला. बापासमोर ओढायची नाही एवढा मान त्याने पाळला, म्हणजे घराच्या मागे जाऊन ओढायचा. आणि तुझी सासू! ती तर भर ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीकडे बघत, मांडी घालून विडी ओढायची. तिला कोणी काही म्हणत नव्हतं. म्हातारी झाली ना! बाईचे केस पिकले, अंगावरून जायचं थांबलं, की ती जणू बाईच राहत नाही, मग ओढेना का बिचारी. अडचण असते ती मधल्या बायकांची. पोरीने पेटवायची, म्हातारीने ओढायची, आणि मधली पंचवीस-तीस वर्षं कोणी विचारलं तर, छे, आमच्यात बायका नाही ओढत.

मी एका दिवाळीच्या सुट्टीत आले होते. दुपारची वेळ. स्वयंपाकघरात डोकावले तर तू चुलीसमोर पाटावर बसलेली, तोंड जवळजवळ चुलीत घातलेलं. मला वाटलं फुंकते आहेस. पण तू धूर आत सोडत होतीस. विडीचा धूर चुलीच्या धुरात जायचा आणि दोन्ही मिळून कौलांतून बाहेर. एवढी अक्कल तू कशात चालवलीस बघ!

"अक्का, हे काय व?"

"बोंबलू नको. बस इथं."

"दाजीले मालूम हाय?"

"येडी झाली का? त्यायले कळलं तं मले उभी ठेवतीन का ते घरात?"

"न् तुही सासू बाहेर बसून भकाभका ओढते, ते चालते?"

"ते म्हातारी हाय."

"म्हातारीची छाती लोखंडाची असते काय?"

तू विडी विझवलीस, राहिलेलं थोटूक कानामागे न खोचता ओच्यात खोचलंस आणि फार शांतपणे म्हणालीस, "सून येऊ दे घरात. मंग मी बी बसीन ओट्यावर." लोक पेन्शनीबद्दल बोलतात तशी तू त्या ओट्याबद्दल बोलायचीस. कमल गेल्या वैशाखात आली. तोवर तुला ओट्यापर्यंत चालत जायलाही दम लागत होता.

तुला तो दवाखान्याचा माणूस आठवतो? घरोघर फिरून खोकल्याची चौकशी करत होता. कोणाला किती दिवसांचा खोकला, घरात विडी-तंबाखू कोण ओढतं, वय काय, बाई की पुरुष. दाजींनी आपलं नाव सांगितलं, तुझ्या सासऱ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "बायांपैकी कोणी?" दाजी हसले. "बाया काय वढतीन भाऊ!" तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यातून तुझी सासू कडाडली, "अन् मी का मेली बे? मले धर ना!" सगळे हसले. तो माणूसही हसला आणि म्हणाला, "आजी, तुमचं आता चालतंच." दाराआड तू चहाची कपबशी घेऊन उभी होतीस. मी तुझ्या मागे होते. तुझ्या लुगड्याला येणारा वास मला येत होता, त्याला आला नसेल. तू चहा दिलास, तो प्याला, आणि पुढच्या घरी गेला. अशा किती घरांत दाराआड किती जणी उभ्या असतील, याचा मी त्या दिवसापासून विचार करते. त्याच्या हिशोबी आपल्या भागातल्या बायका मोठ्या निर्मळ निघाल्या असणार.

पण मला खरा संताप येतो तो सप्त्याचा.

एका उन्हाळ्यात मी सुट्टीला आले होते, तेव्हा सप्त्याला आलेले कीर्तनकार बुवा बोलायला फर्डे होते. काल्याच्या आदल्या दिवशी त्यांनी देवळापुढे खड्डा खणून घेतला आणि सांगितलं, उद्या ज्याने त्याने आपलं व्यसन या खड्ड्यात टाकायचं. गावात दुसरा विषय नव्हता. सकाळी तू मला मोरीपाशी ओढून नेलंस आणि ओच्यातलं बंडल दाखवलंस. "मी बी टाकते आज," म्हणालीस. तुझे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "सगळ्याइच्या समोर?" तू म्हणालीस, "देवाच्या समोर. लोकाइचं काय मंग?" तुझ्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मला तुझा एवढा अभिमान वाटला की मी तुझा हात धरूनच देवळापर्यंत आले.

पुरुष एकेक करून पुढे गेले. कोणी चिलीम टाकली, कोणी विडीचं बंडल, कोणी तंबाखूची चंची. बुवांनी प्रत्येकाच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. दाजींनी टाकलं तेव्हा टाळ-मृदंग वाजले. आपण बायकांच्या बाजूला उभ्या होतो. तू पदराखाली मूठ आवळली होतीस. पुरुष संपले, आणि बुवा आपल्याकडे वळले. तू एक पाऊल पुढे टाकलंस, मी पाहिलं. बुवा हात जोडून म्हणाले, "मायबहिणींनो, तुमचा धनी आज मोकळा झाला. आता तो घसरणार नाही याची राखण तुमच्याकडे." झालं. खड्ड्यावर माती लोटली. तू पाऊल मागे घेतलंस. बंडल तसंच मुठीत.

व्यसन सोडायला आधी ते असावं लागतं, आणि ते तर तुला नव्हतंच ना!

तरी तू सोडलीस. घरी येऊन तू ते बंडल चुलीत घातलंस आणि वर गोवरी ठेवलीस. हार नाही, बुक्का नाही, टाळ नाहीत. आणि सगळा पावसाळा तू विडीला शिवली नाहीस. श्रावणात लोणारला माझ्याकडे आलीस, आपण सरोवराच्या उतारावरच्या धारेखाली आंघोळ करून वर चढलो, आणि तू मध्ये एकदाही थांबली नाहीस. वर आल्यावर म्हणालीस, "छाती मोकळी झाली व माय. आता भाकरीचा वास येते मले." बुवांनी हार घातला नाही तर मी घालते म्हणून मी बाजारातून शेवंतीची वेणी आणून तुझ्या अंबाड्यात माळली. तू ती एसटीत बसेपर्यंत पुन्हा पुन्हा चाचपून बघत होतीस. तुझी मी आठवण काढते तेव्हा त्या वेणीची काढते. तिथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

हार घातलेले पुरुष दिवाळीपर्यंत एकेक करून परत फिरले. त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत, पुरुषाचं मन आहे, व्हायचंच असं. एका सकाळी दाजींचाही हात ओट्यावरून आत आला. "अवं, पेटवून आण."

आणि तू पेटवलीस.

हे मला कळलं तेव्हा आपण जे भांडलो ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, नाही म्हणायचं होतंस. तू म्हणालीस, "काऊन नाही म्हणू? त्यायनं इचारलं असतं, तं काय सांगू? मी सोडली म्हणून? सोडली म्हणजे वढत होती ना मी!" मी म्हटलं, खोकला येतो म्हणून सांग. तू हसलीस. "बाईच्या खोकल्यानं धन्याची इडी थांबते काय व?" मी रागाने त्याच पावली एसटी धरली. तू दारात उभी होतीस. मी मागे वळून पाहिलं नाही आणि संक्रांतीपर्यंत आले नाही. तोवर एका झुरक्याचे दोन झाले होते आणि चुलीसमोरचा पाट परत जागेवर आला होता.

शेवटी तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती ठोकून पाहिली आणि विचारलं, "बाई विडी-तंबाखू काही घेतात?" दाजी म्हणाले, "छ्या! आमच्या घरी बायकाइले सवय नाही." मी तोंड उघडलं, तर तू खाटेवरून माझ्या मनगटाला असा चिमटा घेतलास की वळ उठला. श्वास घ्यायचं त्राण नव्हतं तुझ्यात, पण चिमट्याला होतं. डॉक्टर म्हणाले, मग चुलीचा धूर असेल, बायकांना बाधतो. बिचारी चूल. जन्मभर तिने तुझं लपवलं आणि शेवटी आळही तिनेच घेतला.

आता कालचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

पाहुणे गेले. दिवेलागणीची वेळ. दाजी ओट्यावर एकटे बसले होते. त्यांनी बंडलातून एक विडी काढली आणि न बघता हात आत केला. "अवं..." म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, आता तो हात मागे जाईल. गेला नाही. "कमल," दाजी म्हणाले, "पेटवून आण व बाई."

कमल उठली, विडी घेतली, चुलीपाशी उकिडवी बसली. नव्या नवरीच्या हातातला चुडा अजून तसाच. तिने विडी ओठांत धरली आणि निखाऱ्याकडे तोंड वाकवलं. परकर नेसायच्या वयात तू अशीच वाकायचीस, अक्का. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "थांब," मी तिला म्हटलं, आणि तशीच ओट्यावर गेले. काल दुपारपासून जे गिळलं होतं ते सगळं दाजींच्या अंगावर टाकलं. म्हटलं, निर्व्यसनी म्हणता ना तिला? ती तीस वर्षं ओढत होती. तुमच्या घरात, तुमच्या बंडलातली. त्यानेच गेली ती. आणि सुरुवात अशीच झाली, पेटवून आण, पेटवून आण!

मला वाटलं होतं, ते चिडतील. नाहीतर खोटं म्हणतील. दाजी माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"ते वढते ते. लगन झाल्यापासून मालूम होतं. बंडल लवकर सरे, मले का दिसत नव्हतं?" त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि काडेपेटी काढून मला दाखवली. "हे पाहा. हे रोज माह्या खिशात असते. दुकानात बसलो का मीच पेटवतो. घरी तिच्याजवळ देत होतो, कारण तिले मांगता येत नव्हतं. म्हटलं, पेटवता पेटवता तेवढेच दोन झुरके तिले. डाक्टरसमोर तिचं नाव काऊन खराब करू?"

त्यांचे डोळे भरले होते. त्यात खोटं काही नव्हतं, अक्का. त्या माणसाने तुझ्यावर माया केली, ती अशी केली. आणि मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला आणखीच संताप आला.

"दाजी," मी म्हटलं, "तिनं सोडली होती. सप्त्याच्या दिवशीच. बंडल चुलीत घातलं होतं तिनं. पावसाळाभर शिवली नाही. दिवाळीले तुमी हात आत केला, तवा तिनं परत धरली."

दाजींनी काडेपेटी परत खिशात घातली. रस्त्यावरून जालन्याकडची एसटी गेली. तिच्या दिव्यांचा उजेड त्यांच्या तोंडावरून सरकला, तेव्हा मला ते एकदम म्हातारे दिसले.

"मंग ते म्हणली काऊन नाही?"

"तुमी इचारलं काऊन नाही?"

मला तुझाही राग येत होता, आताही येतो आहे. ज्या एका माणसापासून तू लपवलंस त्यालाच सगळं ठाऊक होतं, आणि तू लपवते आहेस हे कळूनही त्याने तुला कळू दिलं नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांचा इतका मान राखलात की त्यात तुझा जीव गेला. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, तीस वर्षं. मी तुला उगाच भित्री म्हणायचे. दाजी तुझ्याहून भित्रे निघाले.

शेवटी हातांना काय करावं हे न कळून, की नुसती सवय म्हणून, दाजींनी पुन्हा दाराकडे हात केला. "कमल, आण बाई. पेटली का?"

कमल दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. डोक्यावरचा पदर सारखा करत ती ओट्यावर आली, खाली वाकली, आणि न पेटलेली विडी त्यांच्या मांडीशी सतरंजीवर ठेवली. आणि म्हणाली,

"मामाजी, काडेपेटी तुमच्याच खिशात हाय."

आणि आत निघून गेली.

तूही एवढंच म्हणायचं होतंस गं, अक्का.